जादूच्या तीन पद्धती

“गुहेचं तोंड समोर आहे,” दिगंबर म्हणाला. “आत मिट्ट काळोख. कुठंतरी पाणी ठिबकतंय आणि पाण्याशिवाय आणखीही काहीतरी हलतंय. काय करता?”

“मी तलवार काढतो,” नझीर म्हणाला.

“तू चहा आला तरी तलवार काढतोस. थांब जरा. आधी उजेड.”

शरयूवहिनींनी समोरच्या वाटीतून एक चिंचोका उचलला, चिमटीत धरला आणि मान ताठ केली. वर्गात फळ्याकडे वळण्याआधी त्या अशाच उभ्या राहत असतील, असं मला नेहमी वाटे.

“शब्द?” दिगंबरनं नियमाप्रमाणे विचारलं.

“नको सूर्य, नको चंद्र, नको मोठी ज्योत...”

आणि त्या थांबल्या.

पंखा कुरकुरत होता. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. वहिनी चिंचोक्याकडे बघत होत्या, जणू दुसरी ओळ त्याच्यावर लिहिलेली होती.

“वहिनी, लवकर,” नझीर म्हणाला. “आतला राक्षस आम्हाला खाऊन ढेकरसुद्धा देईल.”

“अरे, जिभेवर आहे...”

“समजा, उजेड झाला,” दिगंबर घाईनं म्हणाला. “गुहा मोठी आहे. डाव्या हाताला...”

“समजा कशाला?” वहिनींचा आवाज चढला. “नियम आहे ना? शब्द आले नाहीत तर मंत्र फसला.” त्यांनी चिंचोका टेबलाच्या मधोमध ठेवलेल्या तांब्यात टाकला. टण आवाज झाला. “काळोखच आहे. पुढे सांगा, सूत्रधार.”

काळोखात माझ्या वैद्याला काहीतरी चावलं. माझा वैद्य नेहमीच पहिला सापडायचा.

ही सांगलीतली गोष्ट, विश्रामबागेतल्या दिगंबर पोंक्षेच्या घरातली. तेव्हा आम्ही सगळे पन्नाशी ओलांडलेले होतो. दिगंबरचा मुलगा सलील अमेरिकेत शिकायला गेला आणि पहिल्या सुट्टीत येताना त्यानं जाड इंग्रजी पुस्तकं आणि चित्रविचित्र फासे आणले. त्यातल्या एकाला तर वीस बाजू होत्या. खेळ असा, की एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं. गुहेत शिरायचं की पळायचं हे आपण ठरवायचं आणि जमलं की नाही ते फाशानं. गोष्ट सांगणाऱ्याला आम्ही सूत्रधार म्हणायचो. मुलगा परत गेला, पुस्तकं राहिली. दिगंबर गणिताचा मास्तर. नियमांची पुस्तकं त्याला सोडवेनात.

नझीर मुल्लाचं गणपती पेठेत चष्म्याचं दुकान होतं. तो योद्धा झाला. मी नगरवाचनालयातला ग्रंथपाल. मला चारचौघांत बोलायची इतकी धास्ती, की मी कमीत कमी बोलावं लागेल असा वैद्य निवडला. दिगंबरची बायको शरयूवहिनी जादूगार. दुसरं कुणी होणं शक्यच नव्हतं. मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला होता आणि रस्त्यात भेटलेल्या कुठल्याही बाईला त्या म्हणू शकत, “तू खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर बसायचीस आणि कर्कवृत्त चुकवायचीस.”

पुस्तकात जादूची जी पद्धत होती, ती मला तरी विलक्षण वाटली होती. जादूगारानं रोज सकाळी मंत्र पाठ करायचे. मंत्र एकदा म्हटला की तो डोक्यातून पुसला जातो. पुन्हा हवा असेल तर दुसऱ्या सकाळी पुन्हा पाठ करायचा. पुस्तकात मंत्रांची नुसती नावं होती. वहिनींनी प्रत्येकासाठी दोन ओळी रचल्या आणि एकही कागदावर उतरवली नाही. “लिहिला तर तो पाठ कसला?” त्या म्हणायच्या. प्रत्येक मंत्राचा एक चिंचोका होता, त्यावर पांढऱ्या रंगाची वेगवेगळी खूण. मंत्र म्हटला की चिंचोका तांब्यात. गोष्टीत रात्र सरून सूत्रधारानं “सकाळ झाली” म्हटलं, की चिंचोके पुन्हा वाटीत.

असा खेळ आम्ही बरीच वर्षं खेळलो. दर रविवारी, दुपारची जेवणं झाल्यावर.

गुहेत उजेडाचा मंत्र फसला त्या दिवशी चहा पिताना दिगंबर एकदम म्हणाला, “मला वाटतं, जादूची पद्धत बदलून बघू. ही जुनी झाली.”

“बदलायची म्हणजे?” वहिनींनी कपातून नजर वर केली.

“इतर खेळांत वेगळ्या पद्धती असतात. सलीलनं पाठवलेल्या पुस्तकांत आहेत. कारखानीस, तू सगळी वाचतोस. तीन पद्धतींची तुलना करून आण पुढच्या रविवारी. मग मत घेऊ. मी सूत्रधार, माझं मत नाही. तुम्ही तिघं ठरवा.”

मला कुणी काही लिहून आणायला सांगितलं की बरं वाटतं. बोलण्यापेक्षा ते सोपं. मी पुस्तकं पिशवीत घालून घरी नेली.

बुधवारी दुपारी दिगंबर वाचनालयात आला. वाचनालयात तो कधी येत नसे, पुस्तकं मीच त्याच्या घरी पोचवायचो. मासिकांच्या टेबलापाशी बसला आणि मला जवळ बोलावलं.

“झालं लिहून?”

“होत आलंय.”

“दुसरी पद्धत जिंकली पाहिजे. साठ्याची.”

मी हसलो. “अरे, तुलना म्हणजे...”

“कारखानीस,” तो म्हणाला, “शरयूला पुण्याला दाखवून आणलं.”

मी खुर्ची ओढून बसलो.

“गेल्या महिन्यात ती मंडईतून घरी आली नाही. घाटावर बसली होती. एका विद्यार्थिनीनं रिक्षातून आणून सोडलं. मला म्हणाली, ‘घर कुठल्या बाजूला ते कळेना.’ भूगोलाची बाई, कारखानीस.” त्यानं मासिक उघडलं आणि मिटलं. “वाढत जाणार म्हणाले डॉक्टर. हळू की लवकर, ते सांगता येत नाही.”

“वहिनींना माहितेय?”

“तिच्यासमोरच सांगितलं त्यांनी. ती काय म्हणाली ठाऊक आहे? ‘औषध चिठ्ठीवर लिहून द्या, नाहीतर मी विसरेन.’ डॉक्टरला हसू आवरेना.”

दिगंबरही हसला, मग चष्मा काढून पुसत बसला.

“मग काही दिवस खेळ थांबवू या,” मी म्हणालो.

“नको. रविवारची ती वाट बघते. शनिवारपासून वाटी धुऊन ठेवते. खेळ राहू दे. फक्त ते पाठांतर नको. चिंचोका हातात धरून ती थांबते ना, ते...” त्यानं वाक्य सोडून दिलं. “साठ्याच्या पद्धतीत नुसता आकडा असतो. इतक्या शक्तीतून इतकी वजा. वजाबाकी मी करीन. शब्दांची गरजच नाही. नझीरला सांगितलंय. तो तयार आहे. तुझं मत पडलं की झालं.”

मी हो म्हणालो. दिगंबरला मी नाही म्हटल्याचं मला आठवत नाही.

रविवारी मी कागद घेऊन गेलो. वहिनींनी टेबलावर धुतलेला टेबलक्लॉथ घातला होता. वाटी होती, तांब्या होता. मी घसा साफ केला आणि वाचायला लागलो.

“पहिली पद्धत पाठांतराची,” मी वाचलं. “ही काडेपेटीसारखी आहे. काडी ओढली की संपली. त्यामुळे सकाळी निघतानाच विचार करावा लागतो, की आज कुठला काळोख भेटेल. अंदाज चुकला तर आगीचा मंत्र खिशात आणि समोर नदी, असं होतं. या पद्धतीत जादूगाराला भीती असते आणि म्हणून शहाणपणही असतं. दोष असा, की मंत्र संपले की तो नुसता लांब झगा घातलेला म्हातारा उरतो.”

“तसा तो आधीपासून म्हाताराच आहे,” नझीर म्हणाला. वहिनींनी त्याच्या हातावर चापट मारली.

“दुसरी पद्धत साठ्याची. ही गच्चीवरच्या टाकीसारखी. शक्तीची टाकी भरलेली असते. कुठलाही नळ सोडा, पाणी तेच. टाकी रिकामी झाली की झोपायचं, सकाळी पुन्हा भरते. यात काही विसरत नाही, काही चुकत नाही. हिशेब सोपा आणि कुणावर अन्याय नाही. दोष असा, की सगळे मंत्र सारखेच वाटू लागतात. आग काय, उजेड काय, दोन्ही आकडेच.”

“हं,” वहिनी म्हणाल्या.

“तिसरी पद्धत मोलाची. इथं साठवलेलं काहीच नसतं. प्रत्येक मंत्रासाठी जादूगारानं स्वतःचं काहीतरी द्यायचं. आयुष्यातलं एक वर्ष, एका डोळ्याची दृष्टी, आवडत्या माणसाचं नाव.”

“आमच्या घरी हीच चालते,” नझीर म्हणाला. “पंखा हवा तर आधी भाजी निवडून द्या.”

“या पद्धतीत गोष्टी सर्वांत चांगल्या घडतात,” मी पुढं वाचलं, “पण माणसं जादू करायलाच घाबरतात. जपून जपून काहीच न वापरता मरतात.” मी पान उलटलं. शेवटचं वाक्य वाचायला मला वेळ लागला. “या सगळ्याचा विचार करता, आपल्या टेबलाला दुसरी पद्धत योग्य आहे.”

मी कागदाची घडी घातली.

“भावजी,” वहिनी म्हणाल्या, “हे शेवटचं वाक्य तुमच्या आधीच्या तीन पानांतून निघत नाही.”

मी टेबलक्लॉथकडे बघत राहिलो.

“शरयू, त्यानं अभ्यास करून...” दिगंबर म्हणाला.

“अभ्यास चांगलाच आहे. निष्कर्ष तुमचा आहे.” त्यांनी एकेकाकडे पाहिलं. नझीर एरवी कुणाचीही नजर चुकवत नसे, त्या वेळी तो फासा फिरवत बसला. “तुम्ही तिघांनी बाहेर ठरवून आणलंय. मी विसरायला लागलेय. बावळट नाही झाले.”

“तसं नाही, वहिनी...”

“तसंच आहे, नझीर. राग नाही मला. पण माझं ऐका आणि मग मत द्या.” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. वाक्य विसरल्या की जुळवत होत्या, ते मला कळलं नाही. “घरात मी काही विसरले की सगळे माझ्याकडे बघतात. हे बघतात, कामवाली बघते, फोनवर सलील गप्प होतो. चहात साखर दोनदा पडली तर ती माझी चूक. इथं कसं आहे? इथं जगातला सगळ्यात मोठा जादूगारसुद्धा मंत्र म्हणतो आणि विसरतो. त्याला कुणी डॉक्टरकडे नेत नाही. ते त्याचं कामच आहे. विसरला म्हणजे जादू झाली.”

“पण तुझे मंत्र म्हणायच्या आधीच...” दिगंबर म्हणाला.

“आधीच जातात. माहितेय. मग असं धरा, की तो मी कधीतरी वापरला असेल. कुठल्यातरी गुहेत. कुणाला तरी उजेड पडला असेल.” त्यांनी वाटी स्वतःकडे ओढली. “मला टाकीचा नळ करू नका. सकाळी मी वाटी भरताना प्रत्येक मंत्र म्हणून बघीन. जो येईल त्याचा चिंचोका वाटीत. जो येणार नाही तो तांब्यातच राहील. फसवाफसवी नाही. समजा-बिमजा नाही.”

“आणि सगळे तांब्यात गेले म्हणजे?”

हे दिगंबरनं विचारलं. सूत्रधाराच्या आवाजात नव्हे.

“तेव्हा भावजींनी लिहिलंय तसं. लांब झगा घातलेली म्हातारी. तिला बरोबर घेऊन हिंडा म्हणजे झालं. वैद्य आहे ना सोबत?”

नझीरनं खाली बघूनच साठ्याला मत दिलं. त्यानं शब्द दिला होता. वहिनींनी पाठांतराला दिलं. मग तिघंही माझ्याकडे वळले. दिगंबर माझ्यासमोर बसला होता. त्याचा हात टेबलावर होता आणि तो त्यानं उलटा केला, काहीतरी मागताना करतात तसा.

“पाठांतर,” मी म्हणालो. माझा आवाज कुणाला ऐकूच गेला नाही. पुन्हा म्हणावं लागलं.

निघताना दिगंबर फाटकापर्यंत आला. एरवी तो नझीरशी हुज्जत घालत यायचा.

“छान लिहिलं होतंस,” तो म्हणाला. “आता दर रविवारी ती मोजणार आणि मी बघणार.”

फाटकाची कडी त्यानं आतून लावली. मी रस्त्यावर उभा राहिलो. वाटलं, परत आत जाऊन मत बदलावं. पण काय म्हणून बदलावं, ते सुचेना.

खेळ चालू राहिला. सूत्रधार “सकाळ झाली” म्हणायचा. वहिनी तांब्यातले चिंचोके टेबलक्लॉथवर ओतायच्या, एकेक हातात घेऊन खूण बघायच्या आणि मंत्र म्हणायच्या. आला की वाटीत. न आलेला त्या परत तांब्यात टाकायच्या आणि म्हणायच्या, “हा वापरला गेला.” कधी हसून, कधी नुसतंच. पाण्यावर चालायचा मंत्र गेला. मग बंद दार उघडायचा. पक्ष्यांशी बोलायचा मंत्र त्यांनी अगदी सुरुवातीला रचलेला, तो गेला तेव्हा नझीर उठून अंगणात गेला आणि तंबाखू खाऊन आला. आत आल्यावर म्हणाला, “काही बिघडत नाही वहिनी. पक्ष्यांना तरी कुठं मराठी येतं?” त्या खूप हसल्या. काय झालं म्हणून आपण हसतोय, हे त्यांना ठाऊक होतं की नाही, कुणास ठाऊक.

दिगंबर गुहा लहान लहान करत गेला. नद्यांना पूल आले. दारं उघडी सापडू लागली. ज्यावर मंत्राची सोय उरली नव्हती, तसं संकट त्याच्या गोष्टीत येईनासं झालं. ते त्यानं कधी बोलून दाखवलं नाही. मी मात्र नोंद घेत होतो. वहिनीही घेत असाव्यात. एकदा त्या मला म्हणाल्या, “हल्ली राक्षस फार सभ्य झालेत, नाही?”

पुढच्या थंडीत त्यांच्या वाटीत एकच चिंचोका उरला होता.

त्या रविवारी त्या फारसं बोलत नव्हत्या. अंगावर शाल होती. मला “या” म्हणाल्या, पण भावजी म्हणाल्या नाहीत. नझीरनं खिशातून खारे दाणे काढून दिले, ते त्या एकेक करून खात होत्या. आम्हाला वाटलं, आज नुसतं बसावं. दिगंबरलाही तसंच वाटत होतं, पण वहिनीच मधेच म्हणाल्या, “पुढे?”

दिगंबरनं घसा साफ केला.

“संध्याकाळ झालीय,” तो म्हणाला. “तुम्ही डोंगर उतरताय. वाट नीट दिसत नाही. खाली गावातले दिवे अजून लागलेले नाहीत.”

राक्षस नव्हता. काही हलत नव्हतं. नझीरनं तलवार काढली नाही.

वहिनींनी वाटीत बोटं घातली, चिंचोका उचलला आणि चिमटीत धरला. मान ताठ झाली. दिगंबरनं विचारावं की विचारू नये, या विचारात एक क्षण घालवला. मग विचारलंच. “शब्द?”

“नको सूर्य, नको चंद्र, नको मोठी ज्योत,” त्या म्हणाल्या, आणि न थांबता, “पुढच्या पावलापुरता हाती दे गं पोत.”

टण.

मी आणि नझीर एकमेकांकडे बघायला धजलो नाही. आता सूत्रधारानं सांगायचं होतं, त्या पोताच्या उजेडात काय दिसतं ते. दिगंबरला सुचेना. शब्दांची त्याला कधी वाण नसे.

वहिनींनी शाल सावरली. दिगंबरकडे बघून त्या जरा संकोचून हसल्या. असं हसताना मी त्यांना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. लग्नाआधी ती दोघं एकाच शाळेत शिकवत होती, हे मला माहीत होतं. नझीर त्यावरून त्यांना चिडवायचा.

“पोंक्षे सर,” त्या म्हणाल्या, “मला निघायला हवं. उशीर झाला तर आई काळजी करते.”

पंखा थंडीमुळे बंद होता.

“हो,” दिगंबर म्हणाला. “उजेड आहे तोवर निघू या. मी येतो सोडायला.”

“उगीच तुम्हाला त्रास.”

“त्रास कसला? वाटेवरच आहे.”

त्यानं त्यांच्या चपला पुढं ठेवल्या. दोघं अंगण ओलांडून फाटकाबाहेर गेली. तो त्यांच्यापासून एक हात अंतर ठेवून चालत होता. आम्ही खिडकीतून बघत होतो. कोपऱ्यावरच्या दुधाच्या केंद्राला वळसा घालून ती दोघं पलीकडच्या गल्लीनं फिरून आली आणि त्याच फाटकातून आत शिरली. वहिनी काहीतरी सांगत होत्या आणि तो मान हलवत ऐकत होता.

“आलं तुमचं घर,” दारात तो म्हणाला.

त्या आत गेल्या आणि स्वैपाकघरात दिवा लागला.

नझीर टेबल आवरू लागला. फासे डबीत घातले, वाटी पुसली. मग त्यानं तांब्या उचलून हलवून बघितला. आत सगळे चिंचोके खुळखुळले.

“मास्तर, हे वाटीत भरून ठेवू का?” त्यानं दिगंबरला विचारलं.

सूत्रधारानं सकाळ झाली असं म्हटल्याशिवाय चिंचोके बाहेर काढायचे नाहीत, असा नियम होता. आम्ही थांबलो. दिगंबर दाराच्या चौकटीला टेकून स्वैपाकघराकडे बघत होता.

तो काही बोलला नाही. नझीरनं तांब्या होता तिथं ठेवला.